कोण आहे? – ‘मी!’

मॅगझिनच्या मराठी विभागात पाऊस, आई, हॉस्टेलची मेस आणि ‘ती’ या चार विषयांवर लिहायचा आपल्याकडे प्रघात आहे. मेसवर माझ्या रूममेटने आधीच लेख दिलाय. पाऊस म्हटलं की मला फक्त ‘ट्रॅकवर पाणी साचल्याने लोकल उशिराने धावत आहेत’ एवढंच आठवतं. ‘ती’ मी स्वतःच असल्यामुळे तोही विषय बाद! म्हणून मी पासवर्डवर लिहायचं ठरवलं. पण फेसबुकच्या पासवर्डवर नाही बरं का, कारखान्यातल्या यंत्राच्या पासवर्डवर.

विषय ऐकून मराठीच्या मॅडमनी चष्मा वर केला आणि विचारलं, “मराठीत जमेल ना?” प्रश्न अगदी रास्त होता. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी थर्ड लँग्वेज होती आणि त्यात मला पासष्टच्या वर मार्क कधी पडले नाहीत. वर आमची बॅच २०२१ची, म्हणजे कोविडमुळे दहावीची परीक्षा न देताच पास झालेली! त्यामुळे लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शिक्षण खात्याला बोला, मला नाही.

पहिलीच अडचण आली ती ‘ऑथेंटिकेशन’ या शब्दाची. डिक्शनरीत ‘प्रमाणीकरण’ सापडलं. ते मी आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, “अगं, ते दाखल्याबिखल्याचं झालं. तुला नक्की काय म्हणायचंय?” मी म्हटलं, समोरचा माणूस जो आहे म्हणून सांगतो तोच खरंच आहे का, हे तपासायचं. “मग ओळख पटवणं म्हण की सरळ!” आजीचा अर्धा संसार कल्याणच्या वाड्यात गेला. तिथे कडी वाजली की आतून विचारायचे, “कोण आहे?” आणि बाहेरून प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचा, “मी!” तरी दार उघडायचं ते बरोबर माणसालाच, कारण आवाज ओळखीचा असायचा. उत्तर सगळ्यांचं सारखं, आवाज मात्र प्रत्येकाचा वेगळा. मला वाटतं, आमच्या सेकंड इयरच्या पुस्तकात चार पानं खर्चून जे सांगितलंय ते आजीने एका कडीत बसवलं.

आता मुद्द्यावर येते. कारखान्यात व्हॉल्व्ह उघडणं, पंप चालू करणं, तापमान मोजणं ही कामं करणारा जो छोटा कॉम्प्युटर पॅनेलमध्ये बसवलेला असतो त्याला पीएलसी म्हणतात. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे सांगायला नको. मेकॅनिकलवाल्यांनी व्हायवापुरतं पाठ केलेलं असतंच. हा पीएलसी कोणाचं ऐकतो? लॅपटॉपमधल्या एका सॉफ्टवेअरचं. त्या सॉफ्टवेअरने ‘८० अंशाला थांब’ म्हटलं की तो ८० ला थांबतो आणि ‘१८० ला थांब’ म्हटलं की १८० ला. प्रश्न एवढाच की सांगणारा कोण आहे, हे तो विचारतो का?

बरीच वर्षं तो विचारतच नव्हता. या यंत्रांची आपसात बोलायची एक भाषा आहे, मॉडबस. ती १९७९ साली आली आणि आजही आपल्या आसपासच्या असंख्य पॅनेलमध्ये चालू आहे. मूळ मॉडबसमध्ये ओळख पटवायची सोयच नाही. म्हणजे आजी निदान “कोण आहे?” तरी विचारायची, इथे कडी वाजली की दार उघडं! हे करणारे लोक वेडे होते असं नाही. त्या काळी पीएलसीपासून निघालेली वायर त्याच शेडमध्ये संपायची. तिथपर्यंत पोचायचं तर गेटवरच्या वॉचमनला ओलांडून जावं लागे, तीच ओळखपरेड. पुढे तीच वायर ऑफिसच्या नेटवर्कला जोडली गेली, ऑफिस इंटरनेटला जोडलं गेलं आणि वॉचमन गेटवर बसूनच राहिला.

हा विषय मला एवढा का लागलाय, ते सांगते. आमचं घर डोंबिवलीत एमआयडीसीच्या निवासी विभागात आहे. ‘निवासी विभाग’ हा शब्द कागदावर फार छान दिसतो. प्रत्यक्षात घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक रस्ता, दोन झाडं आणि वडापावची एक गाडी एवढंच अंतर असतं. २६ मे २०१६ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ माणसं गेली. मी तेव्हा नुकतीच पाचवी संपवली होती. आमच्या हॉलच्या खिडकीच्या काचा सोफ्यावर आल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ला दुपारी, अमुदान केमिकल्समध्ये रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला आणि दहाहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून आजी मे महिना लागला की काचांना आतून चिकटपट्टी लावते. आम्ही हसतो, पण काढून कोणी टाकत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या दोन्ही स्फोटांचा हॅकिंगशी काहीही संबंध नव्हता. ते मी इथे आणले ते एवढ्यासाठीच की रिअ‍ॅक्टरचं तापमान हा आमच्याकडे परीक्षेतला प्रश्न नसतो, तो घरातला प्रश्न असतो. स्फोट हॅकरमुळे झाला की गळक्या व्हॉल्व्हमुळे, हे काचेला कळत नाही.

तर २०२५च्या उन्हाळी सुट्टीत मी हॉस्टेलचं बोचकं बांधून घरी गेले आणि एमआयडीसीतल्याच एका छोट्या फर्ममध्ये सहा आठवड्यांची इंटर्नशिप धरली. फर्म म्हणजे चार इंजिनीअर, दोन वायरमन आणि एक सतत तापलेलं सोल्डरिंग आयर्न. कामं कंट्रोल पॅनेल बनवण्याची. पहिल्या आठवड्यात मी फक्त वायरींना नंबर लावले. (फेरुलचे नंबर मला अजून झोपेत दिसतात.) दुसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, “चल, साइटवर.”

साइट म्हणजे कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातला एक केमिकल कारखाना. नाव सांगत नाही, पीएलसी कोणत्या कंपनीचे तेही सांगत नाही. परदेशी गिऱ्हाइकाने त्यांना एक ऑडिटचा फॉर्म पाठवला होता. त्यात एक ओळ होती: तुमच्या कंट्रोलरमध्ये उत्पादकाने जाहीर केलेले सुरक्षेचे दोष दुरुस्त केले आहेत का? मॅनेजरसाहेबांना दोषापेक्षा ऑर्डर जाण्याची भीती जास्त होती. असो, निमित्त कुठलंही का असेना!

दोष काय होता? तिथे सॉफ्टवेअर उघडलं की पासवर्ड विचारलं जायचं. म्हणजे वरवर सगळं ठीक. पण तो पासवर्ड बरोबर की चूक हे ठरवायचं ते लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, पीएलसी नाही. पीएलसी बिचारा समोरून आलेला हुकूम निमूट पाळायचा. हॉस्टेलवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर पुढच्या गेटवर रजिस्टर, आयकार्ड, सही, रेक्टरचा फोन सगळं कडक. आणि मेसच्या मागचं भाजीवाल्याचं दार सताड उघडं! ज्याला ते दार माहीत आहे त्याला पुढच्या गेटचं काय पडलंय? कोणी ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवून थेट पीएलसीशी बोलला तर पासवर्डचा प्रश्नच येत नव्हता.

त्यात भर म्हणजे जो पासवर्ड होता तो कंपनीचं नाव आणि पुढे १२३. नऊच्या नऊ पीएलसींना तोच. आणि तो कोणी विसरू नये म्हणून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला.

तुम्हाला वाटेल, आपल्याकडचं हे असंच चालायचं. तर तसं नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनीही अशीच दारं उघडी ठेवली होती. २०१०मध्ये स्टक्सनेट नावाचा व्हायरस सापडला. तो सीमेन्सच्या विनसीसी या सॉफ्टवेअरमध्ये जो पासवर्ड वापरून शिरायचा, तो सॉफ्टवेअरमध्येच कायमचा कोरलेला होता आणि आधीच इंटरनेटवर फुटलेला होता. मग बदलायचा ना? कंपनीने गिऱ्हाइकांना उलट सांगितलं, बदलू नका, बदललात तर प्लांट बंद पडू शकतो! हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की दोष सापडणं वेगळं आणि तो दुरुस्त करणं वेगळं.

दुसरं उदाहरण सीमेन्सचंच, आणि ते आम्हा ठाणेकरांना जवळचं, कारण कळव्याला त्यांचा मोठा कारखाना ट्रेनमधून जाता-येता दिसतो. आपल्या हॉस्टेलच्या कपाटांची गंमत तुम्हाला माहीत आहेच: एका कपाटाची किल्ली शेजारच्या तीन कपाटांना लागते. तसंच त्यांच्या एस-७ १२०० आणि १५०० या पीएलसींचं होतं. २०१३मध्ये त्यांनी या पीएलसींसाठी चांगली गुप्त किल्लीची पद्धत आणली, पण एका जातीच्या सगळ्या पीएलसींच्या पोटात किल्ली एकच. प्रत्येकाला वेगळी किल्ली द्यायची सोय त्या वेळी व्यवहारात बसत नव्हती. २०२२मध्ये क्लॅरोटी या कंपनीच्या संशोधकांनी एका पीएलसीमधून ती किल्ली बाहेर काढून दाखवली. म्हणजे एक कपाट फोडलं आणि सगळ्या हॉस्टेलची कपाटं उघडली! सीमेन्सने ऑक्टोबर २०२२मध्ये हे जाहीर केलं आणि नवीन फर्मवेअर व टीआयए पोर्टलच्या १७व्या आवृत्तीकडे जायला सांगितलं, जिथे प्रत्येक पीएलसीला स्वतःचं वेगळं गुपित मिळतं.

रॉकवेलच्या बाबतीतही फेब्रुवारी २०२१मध्ये असाच दोष जाहीर झाला. सॉफ्टवेअर आणि पीएलसी यांची ओळख पटवणारी गुप्त किल्ली सॉफ्टवेअरमधूनच शोधून काढता येत होती. त्या दोषाला गंभीरतेचे १० पैकी १० मार्क मिळाले. (आमच्या व्हायवात एवढे मार्क कोणालाच मिळत नाहीत.) त्यावर कंपनीने जे उपाय सांगितले त्यातला एक मला फार आवडला. पीएलसीच्या तोंडावर जी खरीखुरी लोखंडी किल्ली असते ती फिरवून ‘रन’वर ठेवा. मग दुरून कोणी प्रोग्रॅम बदलू म्हणेल तरी बदलता येणार नाही. एवढं शिकून शेवटी आजीच्या कुलूप-किल्लीवरच आलो ना?

आणि तिसरं, पाण्याचं. २५ नोव्हेंबर २०२३ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अलिक्विपा नावाच्या गावी पाणीपुरवठ्याच्या एका पंपिंग स्टेशनातला युनिट्रॉनिक्सचा पीएलसी बाहेरच्या लोकांनी ताब्यात घेतला. अशा पीएलसींचा फॅक्टरीतून आलेला पासवर्ड होता ११११. तिथल्या लोकांनी तो पंप हाताने चालवायला घेतला म्हणून निभावलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली. तिच्यात काय होतं? जुना पासवर्ड बदलल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नाही. बस्स, एवढीच दुरुस्ती! आपल्याकडे बारवीचं पाणी जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. नळ सोडताना मला आता ११११ आठवतो.

परदेशातलं कशाला, आपल्याच दाराशी काय झालं ते आठवा. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली सगळीकडची वीज एकदम गेली. कळवा-पडघे या ४०० केव्हीच्या वाहिनीत बिघाड झाला होता. लोकल जागच्या जागी थांबल्या. माझा दहावीचा ऑनलाइन क्लास बंद पडला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला आनंदच झाला. कोविडचे दिवस, हॉस्पिटलं भरलेली. तिथे काय चाललं असेल हे त्या वयात डोक्यातही आलं नाही. मग १ मार्च २०२१ला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितलं की यामागे सायबर घातपात असण्याची शक्यता आहे. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की ती मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे. ज्या अमेरिकन कंपनीच्या अहवालावरून एवढी चर्चा झाली, त्या रेकॉर्डेड फ्युचरनेही वीज जाण्याचा आणि त्यांना सापडलेल्या व्हायरसचा संबंध सिद्ध झालेला नाही, असंच लिहिलं होतं.

मला या वादात मत द्यायचं नाही. पण इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट खटकते. वाहिनी बिघाडाने तुटली की कोणी मुद्दाम तोडली, यावर दोन मंत्र्यांची दोन मतं होऊ शकली. कोणी, कुठून, कोणत्या वेळी, कोणता हुकूम दिला याची नोंद जितकी पक्की, तितकी अशा वादाला जागा कमी. ओळख पटवण्याचा उपयोग फक्त चोराला अडवायला नसतो. चोर नव्हताच, हे छातीठोक सांगायलाही असतो. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे धडा कुठेतरी घेतला गेला.

आता आमच्या नऊ पीएलसींकडे वळू. मला वाटलं होतं, नवीन फर्मवेअर डाउनलोड करायचं, लॅपटॉप लावायचा, ‘अपडेट’ दाबायचं आणि कँटीनला जायचं. सर म्हणाले, “मोबाईल अपडेट करताना रिअ‍ॅक्टरमध्ये माल नसतो.” त्यानंतर जे काही झालं ते तीन आठवडे चाललं.

आधी यादी. कोणत्या पॅनेलमध्ये काय आहे, ते कशाला जोडलंय. यादी करताना एका पॅनेलच्या कोपऱ्यात धुळीने माखलेला सिमकार्डचा राउटर सापडला. कधीकाळी मशिन पुरवणाऱ्याने ‘दुरून सर्व्हिस देता येईल’ म्हणून लावलेला. मशिनवाला केव्हाच बदलला, राउटर मात्र चालू! त्याचा रिचार्ज कोण करतं ते शोधलं, तर अकाउंट्स डिपार्टमेंट दर महिन्याला ‘मोबाईल बिल’ म्हणून इमानेइतबारे भरत होतं. सहीसकट.

मग बॅकअप. कपाटातल्या सीडीवरचा प्रोग्रॅम आणि पीएलसीत प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम ताडून पाहिला, तर नवापैकी तीन ठिकाणी जुळेना. कधीतरी कोणीतरी एखादा टायमर वाढवला होता, एखादी मर्यादा सरकवली होती. कोणी, कधी, का? उत्तर नाही. कारण पासवर्ड सगळ्यांचा एक, म्हणजे नोंदीत सगळ्यांचं नाव एकच. दारावर सगळेच “मी!” म्हणणारे, आणि आवाज ओळखणारं कोणीच नाही.

मग आमच्या फर्मच्या टेबलावर एक सुटा पीएलसी ठेवून, व्हॉल्व्हच्या जागी बल्ब लावून, आधी त्याच्यावर सगळं करून पाहिलं. आणि मग कारखान्याच्या शटडाउनचा दिवस ठरला. मालक दर तासाच्या नुकसानीचा आकडा सांगत होते, म्हणून दिवस साप्ताहिक सुट्टीला जोडून घेतला.

पण खरी गोष्ट त्याआधीच्या मीटिंगमध्ये घडली. सरांनी फळ्यावर लिहिलं: प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, कमीत कमी १२ अक्षरांचा, पाच मिनिटं हात लावला नाही तर स्क्रीन लॉक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे एक ऑपरेटर काका उभे होते. नाइट शिफ्टचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले. ते म्हणाले, “साहेब, रात्री तीनला टेंपरेचर चढायला लागलं की हातात रबरी ग्लोव्हज असतात, चष्म्यावर वाफ असते. त्या वेळी मी बारा अक्षरं टाइप करू की पाणी सोडू?”

खोलीत शांतता.

काका पुढे म्हणाले, “तो पासवर्ड दारावर मीच लिहिलाय. एकदा रात्री इंजिनीअरसाहेबांचा फोन लागेना आणि पासवर्ड कोणाला आठवेना. पुन्हा तसं होऊ नये म्हणून लिहिला.”

मंडळी, इंटरनेटवर अशा मार्करच्या अक्षरांचे फोटो टाकून लोक हसतात. मलाही ते अक्षर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विनोदीच वाटलं होतं. पण त्या अक्षरामागे एक अख्खी रात्र होती. बँकेत ओळख पटली नाही तर पैसे मिळत नाहीत, फार तर दुसऱ्या दिवशी परत जाता. रिअ‍ॅक्टरला दुसरा दिवस नसतो. परक्या माणसाला दार उघडणं जितकं धोक्याचं, तितकंच आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवणंही.

सरांनी फळा पुसला. (हे मी आपल्या काही सरांनी आवर्जून वाचावं म्हणून लिहितेय!) आणि काकांना खुर्ची देऊन पुन्हा सुरुवात केली. आता प्रश्न ‘पासवर्ड किती लांब’ हा नव्हता, ‘कोणत्या कामाला ओळख लागते आणि कोणत्या कामाला लागता कामा नये’ हा होता. दोन याद्या झाल्या. थंड पाणी सोडणं, माल टाकणं थांबवणं, सगळं बंद करणं, यांना ओळख नाही. कोणीही, कधीही. त्यासाठी पॅनेलवर वेगळी बटणं, थेट वायरने जोडलेली, सॉफ्टवेअर बंद पडलं तरी चालणारी. लाल बटण होतंच, थंड पाण्याचं नवीन बसवलं. उलट मर्यादा बदलणं, इंटरलॉक बायपास करणं, प्रोग्रॅम बदलणं, यांना पक्की ओळख: स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड, आणि शिवाय पीएलसीची लोखंडी किल्ली, जी शिफ्ट इनचार्जच्या ताब्यात आणि सही करूनच मिळणार. अडचणीच्या रात्रीसाठी एक जादा पासवर्ड सीलबंद पाकिटात, सिक्युरिटी केबिनच्या तिजोरीत. पाकीट फोडलं तर सकाळी का फोडलं ते लिहायचं आणि पासवर्ड बदलायचा.

यातलं अर्धं काकांनी सुचवलं. आयईसी ६२४४३ नावाचं या विषयाचं एक मोठं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. मी नंतर त्याबद्दल वाचलं, तेव्हा लक्षात आलं की कोणाला किती अधिकार द्यायचा आणि त्यापायी सुरक्षेची कामं अडू द्यायची नाहीत, हे तिथेही आहे. काकांनी ते वाचलेलं नाही. ते त्यांना रात्रपाळीने शिकवलं.

शटडाउनच्या दिवशी एकेक पीएलसीचं फर्मवेअर बदललं. आता पासवर्ड तपासायचं काम लॅपटॉपकडून काढून घेऊन पीएलसीकडे आलं. मेसमागचं दार बंद झालं. तो सिमवाला राउटर काढला. पीएलसींचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं केलं. आणि मग सगळ्यात वेळखाऊ काम: प्रत्येक इंटरलॉक तपासणं. तापमानाच्या सेन्सरच्या जागी आम्ही कॅलिब्रेटर लावायचो आणि खोटं तापमान हळूहळू चढवायचो. ७०... ७५... ७९... आणि ८० झाल्याबरोबर खाली कुठेतरी व्हॉल्व्ह ‘खट्’ करून बंद व्हायला हवा. तापमान खोटं, पण ‘खट्’ खरा. मी ते आकडे मोठ्याने ओरडत होते आणि काका खाली व्हॉल्व्हला हात लावून उभे राहून “झाला!” असं उत्तर देत होते. असे ४१ इंटरलॉक. पहाटे चार वाजता शेवटचा ‘झाला’ ऐकला आणि मला वाटलं, पीएलच्या नाइट मारण्यापेक्षा ही नाइट बरी होती.

सगळं गोड झालं का? नाही. नवापैकी आठ पीएलसी दुरुस्त झाले. नववा इतका जुना होता की त्याच्यासाठी उत्पादकाने नवीन फर्मवेअर काढलंच नव्हतं, काढणारही नव्हता. अशा यंत्राचं काय करायचं हे कोणत्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. आम्ही त्याची नेटवर्कची वायरच काढून टाकली, पॅनेलला कुलूप घातलं आणि मॅनेजरसाहेबांकडून लेखी घेतलं की पुढच्या वार्षिक शटडाउनला तो बदलायचा. तोपर्यंत त्याची आकडेवारी ऑपरेटर वहीत हाताने लिहिणार. माझ्या इंटर्नशिपच्या रिपोर्टमध्ये मी ‘नऊपैकी आठ’ असंच लिहिलंय. गाइडसरांनी विचारलं, “शंभर टक्के कम्प्लिशन का नाही?” म्हटलं, “सर, नववा अजून तिथेच आहे.”

मित्रांनो, आपण सगळे उद्या कुठे ना कुठे अशा पॅनेलसमोर उभे राहणार आहोत. वागळे इस्टेटला असू, तळोज्याला असू किंवा थेट टेक्सासला. तेव्हा दोन माणसं भेटतील. एक म्हणेल, “चालू आहे ना? मग हात लावू नका.” दुसरा म्हणेल, “सिक्युरिटी म्हणजे सगळं लॉक करून टाका.” दोघांचंही ऐकून घ्या आणि मग तिसऱ्या माणसाला शोधा, जो रात्री तीनला तिथे असतो. त्याला विचारल्याशिवाय कुलूप लावू नका आणि त्याला सांगितल्याशिवाय काढूही नका.

तोवर एक सोपं काम. आपल्या लॅबमधल्या पीएलसी किटचा पासवर्ड काय आहे, हे थर्ड इयरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. सेकंड इयरलाही ठाऊक आहे. मला वाटतं, कँटीनवाल्या अण्णांनाही ठाऊक असावा. लॅब असिस्टंट काकांना विचारून, त्यांना सोयीचा असा नवीन ठेवूया. आणि कृपा करून नवीन पासवर्ड कॉलेजचं नाव आणि पुढे १२३ असा ठेवू नका!